‘द लॉब्स्टर’: ही प्रेमकथा आहे की प्रेमाची खिल्ली?

अर्धविराम:

योर्गोस लान्थिमोस यांचा २०१५ सालचा ‘द लॉब्स्टर’ नुकताच पाहिला. काळ्या विनोदाची विक्षिप्त प्रेमकथा अशी त्याची ओळख सर्वत्र करून दिली जाते आणि त्याच अपेक्षेने मी तो लावला होता. पहिला तासभर मी अगदी मोकळेपणाने हसलो. त्यानंतर मात्र हसू येईनासे झाले आणि शेवट पाहून नेमके काय वाटायला हवे, हेच कळेना. पुढे शेवटासकट सगळ्याची चर्चा होणार आहे, त्यामुळे ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांना तो पाहून बराच काळ लोटला असेल त्यांच्यासाठी कथेची मांडणी थोडक्यात सांगतो. या जगात एकटे राहायला परवानगी नाही. ज्याचा जोडीदार वारला किंवा सोडून गेला, त्याला एका हॉटेलात दाखल केले जाते आणि ४५ दिवसांत नवा जोडीदार मिळाला नाही, तर त्याचे रूपांतर त्याने स्वतः निवडलेल्या प्राण्यात केले जाते. कॉलिन फॅरेल यांनी साकारलेला डेव्हिड लॉब्स्टर निवडतो, कारण तो शंभर वर्षे जगतो, त्याचे रक्त खानदानी लोकांसारखे निळे असते, तो आयुष्यभर प्रजननक्षम राहतो आणि शिवाय डेव्हिडला समुद्र आवडतो. बहुतेक लोक कुत्रा मागतात, त्यामुळे हॉटेलच्या व्यवस्थापिकेला ही निवड फारच पसंत पडते.

माझी अडचण अशी की, सगळी पात्रे पाठ केलेले पत्रक वाचून दाखवावे तशी सपाट आवाजात बोलतात. हा दिग्दर्शकाचा हेतू आहे हे उघड आहे, परंतु तो कशासाठी? माणसांना भावनाच नसतील, तर त्यांच्या प्रेमाची काळजी प्रेक्षकाने का करावी? जंगलातला उत्तरार्ध तुम्हालाही लांबलेला वाटला का? आणि शेवटी डेव्हिड स्वतःचे डोळे फोडून घेतो की नाही?

तळटीप:

सपाट बोलण्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते चित्रपटाचा सगळा विनोद त्यावरच उभा आहे.

हॉटेलात नाव नोंदवतानाचा प्रसंग आठवा. डेव्हिडला स्त्री जोडीदार हवी की पुरुष, असे विचारले जाते. दोन्ही चालेल असा पर्याय आहे का, अशी चौकशी तो करतो, तेव्हा कामकाजातल्या अडचणींमुळे तो पर्याय बंद केल्याचे त्याला सांगितले जाते. पुढे बुटाच्या मापाचा प्रश्न येतो आणि त्यातही अर्धे माप मिळत नाही. ४४ घ्या किंवा ४५ घ्या. आयुष्यभराचा जोडीदार आणि बुटाचे माप ही दोन्ही एकाच अर्जातली, एकाच सुरात विचारली जाणारी माहिती आहे. समोरची बाई खलनायिकेसारखी गुरगुरली असती, तर हा प्रसंग इतका भयंकर वाटला नसता आणि इतका विनोदीही वाटला नसता. ती अतिशय सभ्यपणे, मदत करण्याच्या भावनेने बोलते, म्हणून आपण हसतो आणि हसता हसता आपल्या पोटात गोळा येतो.

हॉटेलातल्या प्रात्यक्षिकांचेही तसेच. एकटा माणूस जेवताना घशात घास अडकून मरतो. बायको सोबत असली की ती त्याला वाचवते. झाले, जोडीने राहण्याचे फायदे सिद्ध! पहिल्या दिवशी प्रत्येकाचा एक हात मागे बांधून ठेवतात, कारण कुठलीही गोष्ट एकाऐवजी दोन असली की किती सोपे जाते, हे त्याला पटावे. जोडप्याची भांडणे मिटेनाशी झाली, तर त्यांना मूल दिले जाते, त्याने बहुधा फरक पडतो असे सांगून. हा सल्ला ऐकून मी मोठ्याने हसलो खरा, पण तो सल्ला गंभीरपणे देणारी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

म्हणून पात्रांना भावना नाहीत, हे तुमचे निरीक्षण मला मान्य नाही. त्यांना भावना आहेत, त्या व्यक्त करायची परवानगी नाही. हॉटेलातल्या एका निर्दयी स्त्रीशी जोडी जमवण्यासाठी डेव्हिड स्वतःही निर्दयी असल्याचे सोंग आणतो. त्याचा भाऊ आता कुत्रा झालेला आहे आणि त्या कुत्र्याला ती लाथा घालून मारते, तेव्हा तिच्यासमोर काहीच न झाल्यासारखे वागण्याची त्याची धडपड पाहा. फॅरेल यांनी या भूमिकेसाठी वजन बरेच वाढवले होते. एरवी रुबाबदार दिसणारा हा नट इथे खांदे पाडून, पोट सुटलेल्या अवस्थेत उभा असतो आणि त्याचे डोळे भरून येतात, ते त्याला लपवता येत नाहीत. त्या एका प्रसंगात त्याचे सगळे सोंग गळून पडते.

सडेतोड:

वरील प्रतिसाद सुरेख लिहिला आहे, तरीही चित्रपट माझ्या गळी उतरला नाही.

सुरुवातीलाच एक बाई भर पावसात गाडीतून उतरते आणि शेतातल्या गाढवाला गोळ्या घालते. ती कोण, ते गाढव कोण, याचा पुढे खुलासा नाही. गाढव तिचा पूर्वीचा नवरा असावा असा तर्क करता येतो आणि तो तर्क गमतीदारही आहे. परंतु त्यानंतर कुत्र्याचे, बिस्किटे देणाऱ्या त्या बाईच्या खिडकीतून उडी मारण्याचे, टोस्टरमध्ये बोटे भाजण्याच्या शिक्षेचे प्रसंग येत राहतात आणि प्रत्येक वेळी कॅमेरा दुरून, थंडपणे पाहत राहतो. ही क्रूरता समाजावरची टीका म्हणून खपवली जाते. मला मात्र ती एका चतुर कल्पनेची चैन वाटते. अर्ध्या तासाच्या लघुपटाला पुरेल एवढा ऐवज जवळजवळ दोन तास ताणला आहे.

विक्षिप्त आणि काळी प्रेमकथाच पाहायची असेल, तर हॅल अॅशबी यांचा १९७१ सालचा ‘हॅरॉल्ड अँड मॉड’ पाहावा. आईला हादरवण्यासाठी आत्महत्येची नाटके करणारा तरुण मुलगा आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरची बाई यांची ती गोष्ट आहे. प्रदर्शित झाला तेव्हा तो साफ पडला, पुढे प्रेक्षकांनी तो हळूहळू डोक्यावर घेतला आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. तिथेही मरणाची थट्टा आहे, पण मॉडवर जीव जडतो. ‘द लॉब्स्टर’मध्ये माझा जीव फक्त त्या कुत्र्यावर जडला होता.

काजळी:

सडेतोड यांनी केलेली तुलना उपयोगी आहे, फक्त तिचा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ‘हॅरॉल्ड अँड मॉड’मध्ये समाज त्या दोघांना नाके मुरडतो, पण प्रेम म्हणजे काय हे ठरवायला त्यांना मोकळीक आहे. मॉडकडे स्वतःची अशी जगण्याची रीत आहे आणि ती हॅरॉल्डला शिकवते. डेव्हिडला शिकवणारे कोणीच नाही. त्याने प्रेमाची जी व्याख्या ऐकली आहे, ती हॉटेलचीच आहे: दोघांत एक समान खूण हवी. लंगडणाऱ्याला लंगडणारी, तोतऱ्याला तोतरी. बेन व्हिशॉ यांचा लंगडा तरुण नाकातून वारंवार रक्त येणाऱ्या मुलीशी जोडी जमावी म्हणून चोरून स्वतःचे नाक आपटून घेतो. ते पाहून हसू येते, परंतु दुसऱ्याला आवडावे म्हणून खोटी आवडनिवड सांगणारी माणसे जगात कमी आहेत का?

मला उत्तरार्ध लांबलेला वाटला नाही, उलट या चित्रपटातली खरी प्रेमकथा तिथेच सुरू होते. हॉटेलातून पळालेला डेव्हिड जंगलातल्या एकट्यांच्या टोळीत येतो, आणि आता सुटला असे आपल्याला वाटते न वाटते तोच कळते की, इथे प्रेम करणे हाच गुन्हा आहे. चुंबन घेतले तर ओठ कापतात. नाचायचे, तर प्रत्येकाने आपापल्या कानात आपापले संगीत लावून एकट्यानेच नाचायचे. स्वतःची कबर स्वतः खणून ठेवायची. लेआ सेदू यांची म्होरकी ही त्या हॉटेलच्या व्यवस्थापिकेचीच दुसरी बाजू आहे. दोघींचे नियम विरुद्ध, पण दुसऱ्याच्या मनात शिरून बंदोबस्त करण्याची हौस तीच.

अशा ठिकाणी डेव्हिड आणि रेचल वाइझ यांची, त्याच्यासारखीच अल्पदृष्टीची स्त्री एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि खुणांची भाषा तयार करतात. मान डावीकडे वळवली तर जगात सर्वांहून तू प्रिय आहेस, उजवीकडे वळवली तर सावध राहा, धोका आहे. सुरुवातीला या दोन खुणांची गल्लत होऊ नये म्हणून त्यांना फार जपावे लागायचे, असे निवेदनात येते. इतक्या कोरड्या आवाजात सांगितलेले इतके हळवे वाक्य मी क्वचितच ऐकले आहे. शहरात जाताना त्यांना जोडप्याचे नाटक करावे लागते. म्होरकीच्या आईवडिलांसमोर सोफ्यावर बसून ती दोघे नाटकाला लागते त्याहून कितीतरी जास्त वेळ चुंबन घेत राहतात आणि म्होरकी अस्वस्थ होत जाते. आता ही प्रेमकथा नव्हे असे कोणी म्हणावे?

आणखी एक गोष्ट फारशी चर्चिली जात नाही. चित्रपटाचे निवेदन पहिल्या दृश्यांपासून त्याच स्त्रीच्या आवाजात आहे, पण ती आपल्याला भेटते कितीतरी नंतर. जंगलात तिची वही वाचून दाखवली जाते, तेव्हा कळते की आपण ऐकत आलो ते तिच्याच लिखाणासारखे आहे. म्हणजे डेव्हिडचे हॉटेलातले दिवस, त्याने केलेली निवड, त्याचा कुत्रा, हे सगळे त्याने तिला कधीतरी सांगितले असणार आणि तिने ते जपून लिहून ठेवले असणार. ज्याला आपण अहवालाची भाषा म्हणतो आहोत, ती एका बाईने आपल्या माणसाविषयी लिहिलेली रोजनिशी आहे. त्याच वहीमुळे ती पकडली जाते आणि तिचे डोळे जातात.

अर्धविराम:

निवेदनाविषयीचा हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, त्यासाठी आभार. म्होरकीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, हॉटेलवरच्या छाप्यात ती व्यवस्थापिकेच्या जोडीदाराच्या हाती बंदूक देते आणि तो बायकोवर चाप ओढतो, पण बंदूक रिकामी निघते. त्या प्रसंगाला मी हसलो होतो. कोणाला तो प्रसंग निव्वळ दुष्टपणाचा वाटला का? आणि शेवटाबद्दल अजून कोणी काहीच बोललेले नाही.

सडेतोड:

तो प्रसंग मलाही आवडला, हे मान्य करतो. गोळी न सुटताच एक संसार संपतो आणि ती दोघे तशीच एकमेकांसमोर बसून राहतात. असे प्रसंग आणखी असते आणि प्राण्यांची हाल-हाल कमी असती, तर माझे मत वेगळे झाले असते.

तळटीप:

शेवटाकडे वळू. आंधळी झाल्यावर तिच्याशी जुळणारी दुसरी एखादी खूण सापडते का, म्हणून डेव्हिड तिला प्रश्न विचारतो. रक्तगट कोणता, पियानो येतो का, जर्मन येते का. काहीच जुळत नाही. मग ती दोघे शहरात पळून येतात, एका उपाहारगृहात बसतात, तो सुरी मागून घेतो आणि स्वच्छतागृहातल्या आरशासमोर ती डोळ्यापाशी धरतो. पुढचे आपल्याला दिसत नाही. ती टेबलाशी वाट पाहत बसलेली दिसते, वेटर पाणी भरून जातो आणि पडदा काळा होतो.

तो डोळे फोडून घेतो की मागच्या दाराने पळतो, हा प्रश्न सगळेच विचारतात. मला त्याहून जास्त खटकते ते हे की, त्या उपाहारगृहात त्याच्यावर सक्ती करणारे कोणीच नसते. हॉटेल मागे राहिले, जंगलही मागे राहिले. तिच्यावर प्रेम आहे हे त्याला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. तरीही समान खूण असल्याशिवाय जोडी होत नाही, हा नियम त्याने स्वतःच्याच डोक्यात सोबत आणलेला आहे. ज्या व्यवस्थेतून जीव घेऊन पळाला, तिचाच अर्ज तो आरशासमोर उभा राहून भरतो आहे. माझा स्वतःचा कौल, तो करत नाही. त्याने निर्दयीपणाचे सोंग आणले तेही त्याला शेवटपर्यंत निभावता आले नव्हते.

काजळी:

मी उलट बाजूची आहे. ती इतका वेळ शांतपणे बसून राहते, तिच्या चेहऱ्यावर शंका नसते, आणि तो परत येणार याची तिला खात्री आहे असे मला वाटते. अर्थात खात्री असणे आणि तसे घडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

श्रेयनामावलीच्या अखेरीस समुद्राच्या लाटांचा आवाज ऐकू येतो, त्यावरून तो पकडला जाऊन शेवटी लॉब्स्टर झाला, असा अर्थ काही प्रेक्षक काढतात. मला तो ओढून ताणून काढलेला वाटतो, कारण त्यासाठी त्याला आधी कोणीतरी धरून परत हॉटेलात न्यावे लागेल आणि तसे चित्रपटात कुठेही सूचित केलेले नाही. समुद्र त्याला आवडतो हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते, तेवढ्यावर तो आवाज समजून घेता येतो.