फोनमध्ये इतकी कामे केव्हापासून शिरली?

सीमावासी (खानापूर) :
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात मोबाईलच्या वाटचालीवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सुरुवातीचा भाग जुळला आहे. 3 एप्रिल 1973 रोजी मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कमध्ये हातात धरायच्या फोनवरून पहिला कॉल केला. तसला फोन 1983 मध्ये विक्रीला आला तेव्हा त्याचे वजन पाऊण किलोहून अधिक होते आणि दहा तास चार्ज केल्यावर जेमतेम अर्धा तास बोलता येत असे. भारतात 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून ही सेवा सुरू केली. माझे घोडे अडते ते यापुढे. केवळ बोलण्याचे हे यंत्र घड्याळ, विजेरी, कॅमेरा, नकाशा आणि पैशांचे पाकीट कसे झाले? 2007 च्या आयफोनपासून सुरुवात धरणे योग्य ठरेल का?

शहापूरकर :
2007 पासून सुरुवात धरली, तर अर्धी गोष्ट सुटेल. आयबीएमचा ‘सायमन’ 1994 मध्येच विक्रीला आला होता. त्याला स्पर्शाने चालणारा पडदा होता आणि दिनदर्शिका, पत्त्यांची वही, फॅक्स, ई-मेल ही सारी कामे तो करीत असे. पण त्याची बॅटरी तासाभरात संपत असे, म्हणून तो फार काळ टिकला नाही. माझ्या मते खरे कारण असे आहे की, बोलण्यासाठी फोनला पडदा, बॅटरी, माईक आणि प्रोसेसर लागतच होते, आणि एकदा ते बसवल्यावर त्यांच्याकडून आणखी एखादे काम करून घेण्याचा खर्च अगदी थोडा होता. नंबर दाखवणाऱ्या पडद्यावरच वेळ दिसू लागली आणि त्याच प्रोसेसरवर कॅल्क्युलेटर चालू लागला. 1997 च्या नोकिया 6110 वरचा सापाचा खेळही तसाच आला. कॅमेऱ्यासाठी मात्र नवा भाग बसवावा लागला, परंतु तोही आल्यावर एकाच कामापुरता राहिला नाही. आज आपण जी विजेरी लावतो ती मुळात कॅमेऱ्याचा फ्लॅश आहे, आणि क्यूआर कोड वाचतो तोही कॅमेराच. आयफोनपेक्षा मी 2008 च्या अॅप स्टोअरला अधिक महत्त्व देईन, कारण त्यानंतर फोनने कोणते नवे काम करावे हे ठरवण्याची मुभा कंपनीबाहेरच्या हजारो लोकांना मिळाली.

गणपत गल्लीतला दुरुस्तीवाला :
शहापूरकरांचे म्हणणे पटते, पण विजेरीबद्दल थोडी भर घालतो. 2003 मध्ये आलेल्या नोकिया 1100 ला कॅमेरा नव्हता, तरीही विजेरी होती, आणि रात्री पाणी पाजायला शेतावर जाणारा माणूस दुकानात येऊन फोन नव्हे, ‘बॅटरीवाला’ मागत असे. त्याच वर्षी येणारे कॉल फुकट झाले. त्यापूर्वी कॉल घ्यायलाही पैसे पडत असल्यामुळे लोक फोन बंद करून ठेवत, आणि बंद ठेवलेल्या फोनला दुसरे काम कोण सांगणार? आपल्याकडे, बेळगावच्या सीमाभागात, त्यात रोमिंगची भर होती. बाचीच्या पुढे शिनोळीला गेले की महाराष्ट्राचा टॉवर लागे आणि बोलणे महाग होई. कधी कधी तर घरात बसूनच फोन पलीकडचा टॉवर धरी. त्यामुळे नेटवर्क हाताने निवडण्याची सोय इथल्या साध्या गिऱ्हाइकांनाही तोंडपाठ होती.

निपाणीची ताई :
भाषेचा मुद्दा राहून जाऊ नये. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात 160 अक्षरे बसत, देवनागरीत किंवा कन्नडमध्ये मात्र 70 चिन्हे, आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जात. म्हणून कित्येक वर्षे आपण मराठी निरोप रोमन लिपीतच लिहिले. माझ्या भावाची मुले कन्नड माध्यमात शिकलेली असल्यामुळे मराठी बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात, आणि आईला कन्नड वाचता येत नाही. आवाजाचे निरोप आले तेव्हा आजी-नातवंडांची ही अडचण मिटली. शहापूरकर, तुमच्याच हिशोबाने पाहा, माईक तर पहिल्या दिवसापासून होता.

सीमावासी (खानापूर) :
सर्वांचे आभार. आता क्रमाऐवजी ‘कोणत्या भागाने कोणती कामे पेलली’ अशी मांडणी करतो. पाकीट मात्र यात कुठे बसवावे?

शहापूरकर :
सिमकार्डाखाली. 2016 मध्ये यूपीआय आले तेव्हा फोनमध्ये पैशांसाठी वेगळा भाग बसवावा लागला नाही. नोंदणी करताना फोन आपल्या सिमवरून एक एसएमएस आपणहून पाठवतो. तो ज्या नंबरावरून येतो त्यावरून ग्राहकाची आणि खात्याची जुळणी होते. वाचनालयात हे प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर सिममध्ये एसएमएसपुरते पैसे आहेत ना, एवढे आधी पाहून घ्या.