‘मॉरिशस म्हणजे छोटा भारत’ असं किती दिवस लिहिणार?

वाटसरू
काल इथे ‘मॉरिशस : एक ओळख’ वाचलं. ज्वालामुखीतून झालेलं बेट, निळा समुद्र, गंगातलाव हे तिथल्या हिंदूंचं पवित्र तळं, ऊस आणि शेवटी काय तर ‘ओसाड बेट आपल्या माणसांनी फुलवलं, म्हणून तो छोटा भारतच’. राहवलं नाही म्हणून लिहितोय. 1598 ला डच उतरले तेव्हा तिथे माणूस नव्हता हे खरं, पण आपले मजूर मोठ्या संख्येने गेले ते 1834 पासून, आणि त्याच्या आधी शंभरेक वर्षं मादागास्कर आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून बंदर, रस्ते, मळे सगळं करून घेतलं होतं. पळालेले गुलाम ल मोर्न या डोंगराच्या कड्यावर लपायचे. त्यांचे वंशज, म्हणजे क्रिओल लोक, आजही तिथेच आहेत, घराघरात क्रिओल ही फ्रेंचवरून आलेली भाषा बोलली जाते, आणि तुमच्या लेखात त्यांच्यावर एक ओळ नाही??

निशा_प
लेख माझा आहे. दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे, पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी. मग छोटा भारत म्हटलं तर काय बिघडलं? माझी आत्येबहीण तिकडे दिली आहे. तिच्या आजेसासूबाई देवापुढे मराठीत आरती म्हणतात आणि मागे वळून पतवंडाला क्रिओलमध्ये दटावतात. कोकणातून गेलेलं घर, इतक्या पिढ्या झाल्या तरी आरती सुटली नाही. याचं कौतुक करायचं नाही का?

शिरोळकर
दोघंही उसावर एका शब्दात मोकळे झालात. मी तिकडचे फड बघितलेत, मधेच काळ्या दगडांचे घराएवढे ढीग, मजुरांनी हातानं वेचून रचलेले. युरोप त्यांची साखर चढ्या भावानं घ्यायचा, 2006 पासून तो भाव 36 टक्के कापला, तरी देश बसला नाही. कारखाने एकत्र करत तीनवर आणले, बगॅसवर म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज काढतात, साखर विकायला 1919 पासून सिंडिकेट, म्हणजे सगळ्यांची मिळून एक विक्री संस्था. आणि आमच्याकडं? 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायचा कायदा, आणि आमच्या कारखान्यानं गेल्या हंगामाचं बिल दिवाळीपर्यंत लोंबकळत ठेवलं.

निशा_प
एफआरपीचा धागा वेगळा काढा ना प्लीज.

शिरोळकर
का काढू? ऊस बाजूला केला तर त्या देशाच्या इतिहासात राहतं काय?

बीडकर
बागायतदारांना बिल तेवढं आठवतं. तिकडे आपल्या मजुराचा एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायचे, 5 वर्षांच्या करारावर. माझे आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला तुमच्याच भागात यायचे. आई तापाने फणफणली तरी फडात उभी, कारण खाडा केला की मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, दंड लावणार. दीडशे वर्षांत काय बदललं सांगा. आणि तीन कारखान्यांचं कौतुक करताना हेही लिहा की तिकडे लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला, मोठ्या जमिनी आजही फ्रेंच घराण्यांकडे आहेत, आणि उसाच्या जागी व्हिला आणि गोल्फ चाललंय.

शिरोळकर
खाड्याचं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळीसकट गायब होतो तेव्हा बुडतो कोण? ट्रॅक्टरवाला आणि शेतकरी. तेही लिहा की.

बीडकर
मुकादमाने बुडवलं त्याचा हिशेब माझ्या आईकडून घेणार का तुम्ही? भाषा सांभाळा.

वाटसरू
अहो, देश नुसत्या उसावरही नाही चालला. 1961 मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने तिथलं भवितव्य अंधारात आहे असंच लिहिलं होतं. मग 1970 पासून निर्यातीसाठी कपड्यांचे कारखाने आले, त्यात बायका कामाला लागल्या, पुढे पर्यटन, बँका. सगळ्या जातीधर्माची माणसं त्यात राबली.

निशा_प
बरं, क्रिओल लोकांवर एक परिच्छेद वाढवते, झालं समाधान? शीर्षक मात्र बदलणार नाही.

वाटसरू
वाढवताच आहात तर हिंदी महासागरातली चागोस बेटंही घाला. 1965 ला ब्रिटनने ती बेटं मॉरिशसपासून तोडली, 1973 पर्यंत तिथली सगळी माणसं उचलून बाहेर काढली, का तर त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. त्यातली कित्येक मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडली, बहुतेक गुलामांचेच वंशज. त्यांना तुमच्या छोट्या भारतात कुठे बसवणार ते सांगा, मग शीर्षकाचं बघू.