प्रबंध रखडतो तेव्हा : सीमाभागातील संशोधकांचे अनुभव

पीएच.डी.साठी नाव नोंदवून वर्षे उलटली तरी प्रबंध पुढे सरकत नाही, हा अनुभव बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील अनेकांनी घेतला आहे. मात्र त्याविषयी आपण एकमेकांशीही बोलत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन आणि स्त्री संशोधकांना त्यापुढेही दोन वर्षे, अशी मुदत मिळू शकते. हा हिशोब मला तोंडपाठ आहे, कारण प्रकरण लिहायला बसलो की आधी मी तोच करतो. आपला वेळ नेमका कशात गेला, हे प्रत्येकाने प्रांजळपणे लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

माझा विषय बेळगाव परिसरातील मराठी बोलीवरील कन्नडचा प्रभाव. पहिली दोन प्रकरणे जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाली होती, ती युनिकोडमध्ये आणायचे ठरवले. रूपांतर करताना रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले, पोटफोड्या ‘ष’ तर नाहीसाच झाला, आणि पुढचे चार महिने मी रोज संध्याकाळी एकेक रफार जागेवर आणत बसलो. डोळे दुखत, पाठ धरत असे, त्यामुळे आपण काम करत आहोत याबद्दल शंकाच येत नसे. डीटीपीवाल्याने हे काम आठवड्यात केले असते. तिसरे प्रकरण जिथल्या तिथे राहिले; ऋणनिर्देश मात्र तेव्हाच लिहून तयार होता, आणि चांगला साधला होता.

खानापूर तालुका, भूगोल

पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस येत नाही, आणि रोप लावणीच्या दिवसांत घरातल्या एकटीनेच लॅपटॉप घेऊन बसणे बरेही दिसत नाही. ही कारणे खरी होती, त्यामुळे ती पुढे करताना मला कधी संकोच वाटला नाही. पण डिसेंबरात भात घरात आले, वीजही होती, तरी मी लिहीत नव्हते. पर्जन्यमानाच्या नकाशातील हिरव्या छटा बदलत होते. सासूबाईंनी विचारले, “एवढा पाऊस मोजून काय करतेस गे? पडतोय तो दिसतोय की.” मी त्यांना सांगू लागले, की ढग सह्याद्री चढताना रिते होतात, म्हणून मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीला पाऊस कोसळतो, आणि घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. बोलून झाल्यावर तेच वाक्य, आहे तसे, मराठीत लिहून ठेवले. माझा प्रबंध इंग्रजीत आहे, पण चौथ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद त्या वाक्याचे भाषांतर आहे.

रसायनशास्त्र

प्रयोगशाळेत रात्री अकरापर्यंत थांबण्याचा मला कधी कंटाळा आला नाही. लिहायची वेळ आली की मात्र आणखी एकदा खात्री करून घ्यावी असे वाटे. एकाच अभिक्रियेच्या सात नोंदी माझ्याकडे आहेत आणि सातही सारख्या आहेत.

बेळगाव तालुका, मराठी साहित्य

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांमध्ये मराठी साहित्य संमेलने भरतात, आणि माझा विषयच ती असल्यामुळे दरवर्षी ‘यंदाचीही नोंद घेऊ, मग लिहू’ असे म्हणायची सोय झाली. ग्रंथदिंडीपासून आभारप्रदर्शनापर्यंत मी सगळीकडे हजर असे. हळूहळू वक्ता म्हणून बोलावणी येऊ लागली. एका पत्रिकेवर आयोजकांनी प्रेमापोटी माझ्या नावामागे ‘डॉ.’ छापले. मी ती चूक दुरुस्त करून घेतली नाही, आणि भाषणाच्या वेळी पहिल्या रांगेत माझे मार्गदर्शक बसलेले होते.

निवृत्त मार्गदर्शक, बेळगाव

प्रबंध रखडवणारे विद्यार्थी आळशी असतात, असे मला कधी दिसले नाही. आळशी माणूस नोंदणीच्या फंदात पडत नाही. रखडतात ते बहुधा लाजणारे. असा एक विद्यार्थी गणपत गल्लीत मला पाहून घाईने एका दुकानात शिरला. ते दुकान बांगड्यांचे होते. मी बाहेर थांबलो. तो बाहेर आल्यावर एवढेच सांगितले, की शनिवारी दोन पाने घेऊन ये, वाईट असली तरी चालतील, पण हाताने लिहिलेली हवीत. त्याने आणली, खरोखरच वाईट होती, आणि तिथून काम सुरू झाले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्याच विद्यार्थ्याचे पुढचे प्रकरण मी पाच महिने टेबलावर न वाचता ठेवले होते.

निपाणी, अर्थशास्त्र

निपाणी म्हटले की लोकांना १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आठवते. मी त्याच काळातील विडी कामगार स्त्रियांच्या मुलाखती घेत होतो. मुलाखत घेणे सोपे असते, बाया चहा देतात, बोलतात. एका तासाचे ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढायला मात्र मला सहा तास लागतात, म्हणून ते काम टाळण्यासाठी मी आणखी मुलाखती घेत गेलो. एकवीस झाल्या, त्यांतील तीनच उतरवल्या होत्या. मुलाखत दिलेल्या स्त्रियांपैकी एक आजी बाजारात भेटल्या की विचारायच्या, “माझं बोलणं छापलास काय रे बाळा?” मी दर वेळी ‘दिवाळीनंतर’ म्हणायचो. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यानंतर मी नवी मुलाखत घेतलेली नाही. रोज पहाटे अर्धा तास कानाला हेडफोन लावून बसतो आणि दहा मिनिटांचा तुकडा थांबून-थांबून उतरवतो; एका दिवसात तो होत नाही, उरलेला दुसऱ्या दिवशी पुरा करतो. सध्या आजींची मुलाखत चालू आहे. त्यांचा आवाज आणि सुपातील पानांची सळसळ एकमेकांत मिसळले आहे. मध्येच कुकरच्या दोन शिट्ट्या होतात, त्याही मी कंसात नोंदवल्या आहेत.