सुळा हनुवटीत आडवा झोपलाय, खेचून जागेवर आणता येईल का?

पाऊसवेडी:
मुलगी १३ वर्षांची. खालचा डावा दुधाचा सुळा अजून घट्ट आहे, उजवीकडचा कधीच पडून नवा आलाय. दुखत काहीच नव्हतं म्हणून आम्ही म्हटलं येईल सावकाश, कुणाकुणाचे उशिरा येतात. परवा तारा लावायच्या म्हणून ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्सरे) काढला तर पक्का सुळा पटाशीच्या दातांच्या मुळांखाली चक्क आडवा, अर्ध्याहून जास्त उजवीकडे गेलेला! डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून काढू. वरचा सुळा खेचून आणतात असं ऐकलंय मग हा का नाही? झोप उडालीये, सारखा तो एक्सरे मोबाईलवर उघडून बघते.

चष्मिष:
माझा वरचा होता, टाळूकडे अडकलेला. हिरडी उघडून दाताला इवलंसं बटण चिकटवलं, त्याला बारीक साखळी आणि ती तारेला बांधली, दर महिन्याला थोडं थोडं ओढायचे. दीड वर्ष गेलं, सुरुवातीला जीभ सारखी साखळीवर जायची, पण दात आला जागेवर. तुम्ही दुसरं मत घ्याच.

दंतवैद्य:
दुसरं मत जरूर घ्या, पण वरच्या सुळ्याशी तुलना नको. मधली रेघ ओलांडून गेलेला खालचा सुळा परत आणायचा तर वाटेत पटाशीच्या दातांची मुळं आडवी येतात, त्यामुळे इतका लांब गेलेला बहुतेकदा काढावाच लागतो. तो नुसता कललेला असतानाच सापडला तर खेचायला वाव असतो. काही वेळा दर थोड्या काळाने एक्सरे काढून नुसतं लक्षही ठेवतात, पण त्याच्याभोवती गाठ होऊ शकते, शेजारची मुळं झिजू शकतात आणि दुखत नाही म्हणून हे कळतही नाही. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढून घ्या, मुळांपासून किती अंतर आहे ते त्यात नीट दिसतं. आणि हो, दात उजवीकडे सरकला तरी त्याची नस डावीकडचीच असते, म्हणून भूल देताना डावी बाजूही बधिर करावी लागते. दुधाचा सुळा मात्र लगेच काढायची घाई नको, मूळ शाबूत असेल तर तो पुष्कळ वर्षं टिकतो.

पाऊसवेडी:
खूप बरं वाटलं वाचून, नस वगैरे कुणी सांगितलंच नव्हतं. धाकटा १० वर्षांचा आहे, त्याचं आत्ताच काही बघायचं का?

दंतवैद्य:
हो, हेच वय. वरच्या दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने हिरडीवरून बोट फिरवा, पक्क्या सुळ्याचा फुगवटा लागला पाहिजे. नाही लागला किंवा एकाच बाजूला लागला तर एक्सरे काढा. टाळूकडे वळलेल्या वरच्या सुळ्यासाठी दुधाचा सुळा वेळेवर काढणं हाच कधीकधी उपाय असतो, १९८८ मध्ये एरिक्सन आणि कुरोल या संशोधकांनी स्वीडनमध्ये असे ४६ सुळे पाहिले होते, त्यातले ३६ आपोआप वाटेवर आले. खालचे सुळे साधारण ९-१० व्या वर्षी येतात, एका बाजूचा येऊन सहा महिने झाले तरी दुसरा नाही तर थांबू नका.

पाऊसवेडी:
आत्ताच त्याला दिव्याखाली बसवून बघितलं. खालचे दोन्ही आलेत. वर डावीकडे वाटाण्याएवढा टणक उंचवटा लागतो, उजवीकडे सपाट. सोमवारी दोघांनाही घेऊन जाते.