मदत हवी आहे: नवीन 'डूम' हाताला बसत नाहीये, जुनी सवय कशी मोडू?

करंगळी (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे, पण दोन आठवडे डोक्यात भुणभुण चालली आहे म्हणून धागा काढतोय. 'डूम: द डार्क एजेस' हा राक्षसांना बंदुकीने मारायचा व्हिडिओ गेम खेळतोय आणि सातव्या प्रकरणात अडकलोय. पुढे जाता येत नाही असं नाही. जातो, पण रडतखडत. मुख्य म्हणजे मजा येत नाही, आणि 'डूम' खेळताना मला मजा येत नाही हे तीस वर्षांत फारसं घडलेलं नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. पहिला 'डूम' डिसेंबर १९९३चा. माझ्या हाती पडली ती फुकट वाटली जायची ती नऊ लेव्हलची आवृत्ती. माउस नव्हताच. बाणांच्या कळांनी वळायचं, ऑल्ट दाबून धरला की वळण्याऐवजी कडेला सरकायचं, कंट्रोलने गोळी, स्पेसबारने दार. तेव्हापासून मुख्य मालिकेतला एकही सोडला नाही. २००४चा 'डूम ३'सुद्धा खेळलो, ज्यात हातात बॅटरी धरली की बंदूक खाली जायची, म्हणजे अंधारात कोण अंगावर येतंय ते दिसायचं पण मारता यायचं नाही. २०१६चा तीनदा संपवला. २०२०चा 'इटर्नल' किती वेळा झाला ते मोजणंच सोडून दिलं.

माझा घात 'इटर्नल'नेच केलाय असं वाटतं. त्यात शिफ्ट दाबलं की माणूस सपकन कडेला निसटायचा. शिफ्ट, उडी, हवेत आणखी एक उडी, पुन्हा शिफ्ट. पाय जमिनीला लागले म्हणजे मेलात, असा तो सगळा मामला होता. आता नवीन गेममध्ये ते निसटणं नाही, दुसरी उडीही नाही. शिफ्टने फक्त धावतो. हातात ढाल दिली आहे आणि सांगणं असं की पळू नकोस, उभा राहा आणि झेल.

कालचीच लढाई सांगतो. समोर मॅनक्युबस नावाचा एक राक्षस आणि बाजूने हेल नाइट जातीचे दोन राक्षस. मॅनक्युबसने गोळ्यांची रांग सोडली, मधला एक गोळा हिरवा. मला माहीत आहे की हिरवा आला की ढाल उचलायची, तो परत त्याच्याच थोबाडावर जातो. डोक्याला माहीत आहे हो! पण करंगळी डोक्याला विचारत नाही. तिने दोनदा शिफ्ट हाणलं, मी चार पावलं तिरका धावलो, थेट हेल नाइटच्या पुढ्यात. उडी मारली, हवेत दुसरी मारायला गेलो, ती नव्हतीच. दगडासारखा खाली आलो आणि खेळ खलास. असं सलग सहा वेळा.

तर प्रश्न असे आहेत. हाताची ही सवय मोडायला तुम्हाला किती वेळ लागला? सेटिंगमध्ये काय बदलू? अवघडपणा कमीजास्त करायचे ते स्लायडर एवढे आहेत की हात लावायची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटते, कारण सोपं करून खेळणं आमच्या वेळी कमीपणाचं होतं. की हा गेम माझ्यासाठी नाहीच, हे मान्य करून 'इटर्नल'कडे परत जाऊ?

(कन्सोल नाही. पीसी, कीबोर्ड आणि माउस.)

अर्धवट_सेव्ह

सहाच वेळा? मी एकोणीस. पण मी फॅन वगैरे नाही, त्यामुळे दुःख कमी.

जुनी_फ्लॉपी

करंगळीराव, तुमचं वाचून हसलो, कारण पहिले तीन दिवस मी अगदी हेच केलं होतं.

पण एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहून पुढे निघून गेलात. ऑल्ट दाबून कडेला सरकायचं. १९९३च्या 'डूम'मध्ये उडी होती का? एकही नव्हती. वर-खाली बघतासुद्धा यायचं नाही. इम्प या छोट्या राक्षसाने आगीचा गोळा फेकला की तो डोळ्यांनी दिसेल इतक्या सावकाश यायचा आणि आपण एक पाऊल बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायचो. सायबरडेमन या धिप्पाड राक्षसाभोवती गोल गोल फिरत त्याची रॉकेटं अंगाशेजारून कशी सोडायचो ते आठवा. 'डार्क एजेस'मध्ये गोळ्यांच्या ज्या भिंतीच्या भिंती येतात, त्यांचं मूळ तिथे आहे. त्यांच्यामधून चालत जायचं असतं, वरून उडून नाही. हा 'इटर्नल'चा पुढचा भाग आहे असं समजून खेळाल तर तो पांगळा वाटेल. (कथेच्या हिशोबाने तो २०१६च्याही आधीचा आहे, ते वेगळंच.)

आता कामाचं. करंगळीला शिकवू नका, ती शिकणार नाही. तिला कामाला लावा. कळांच्या सेटिंगमध्ये जा आणि ढाल शिफ्टवर टाका. धावणं दुसऱ्या कुठल्या तरी कळेवर ढकला, मी माउसच्या बाजूच्या बटणावर दिलंय. म्हणजे घाबरून शिफ्ट हाणलं की ढाल वर येते. तुमची 'इटर्नल'ची प्रतिक्षिप्त क्रिया वेळेच्या बाबतीत उत्तम आहे, फक्त ती चुकीच्या कळेला जोडलेली आहे. हिरवा गोळा जवळ येताना तुम्ही ज्या क्षणी निसटायला बघता, साधारण तोच क्षण ढाल उचलायचा असतो.

आणि तुम्हाला मरॉडर हा शत्रू आठवत असेलच. 'इटर्नल'मध्ये त्याचे डोळे हिरवे चमकले की त्याच क्षणी बंदूक. तेव्हा जगभर लोकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली होती. तो जमला असेल तर हेही जमतं.

करंगळी

फ्लॉपीकाका, मरॉडरला मी अजूनही शिव्या देतो, पण मुद्दा पोचला. शिफ्टवर ढाल हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री बघतो.

रिकामी_मॅगझीन

माझं मत वेगळं आहे. तीस वर्षं खेळलो म्हणून आवडलाच पाहिजे असा काही नियम नाही. मी तो पूर्ण संपवला, सगळी बावीस प्रकरणं, आणि तरी सांगते की 'इटर्नल'मध्ये जे अंगात यायचं ते इथे येत नाही. निम्मं कारण संगीत. आधीच्या दोन भागांचा संगीतकार मिक गॉर्डन यात नाही, फिनिशिंग मूव्ह या चमूचं संगीत आहे. वाईट नाही, पण खेळून झाल्यावर माझ्या डोक्यात त्यातलं काहीच वाजत नव्हतं. २०१६च्या गेमचं मी अजून भांडी घासताना ऐकते.

तेव्हा दोन-तीन प्रकरणं आणखी द्या. नाही रुचलं तर खुशाल सोडा, कोणी ओळखपत्र काढून घेणार नाही.

जुनी_फ्लॉपी

संगीताच्या बाबतीत +१. त्यावर वाद नाही.

तिरपी_ढाल

स्लायडरबद्दल लिहिते, कारण त्यात मी बरेच तास घालवले आहेत.

आधी लाज सोडा. अवघडपणाची पातळी निवडली की तिच्या आत प्रत्येक गोष्ट वेगळी हलवता येते आणि खेळाच्या मध्येच बदलता येते. सगळं सोपंच करावं लागतं असं नाही, एक सोपं करून दुसरं अवघड करता येतं. तुमच्या बाबतीत मी असं करेन:

खेळाचा वेग वाढवा. हो, वाढवा. हा स्लायडर १५०%पर्यंत जातो. तुमच्या हाताला 'इटर्नल'चा वेग हवाय आणि इथे त्याला सगळं चिखलातून चालल्यासारखं वाटतंय, म्हणून तो उगाच जास्तीच्या कळा दाबतो. मी ११५वर सुरुवात केली, आता १३०वर आहे. मात्र वेग वाढला की सगळंच लवकर येतं, गोळेही आणि ढाल उचलायची वेळही. म्हणून पहिले काही दिवस ढालीच्या वेळेचा स्लायडर सैल सोडा. शत्रूच्या गोळ्यांच्या वेगाला आत्ता हात लावू नका. आणि तुम्हाला होणारं नुकसान वाढवून ठेवा, म्हणजे सोपं केल्याची टोचणी लागणार नाही.

आता लढाईचं. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं तुम्ही ढाल फक्त अडवायला वापरताय. ढाल धरून लांबच्या राक्षसावर नजर लॉक केली आणि हल्ल्याचं बटण दाबलं की माणूस थेट त्याच्यावर जाऊन आदळतो. तुम्ही ज्या निसटण्यासाठी रडताय ते हेच आहे, फक्त ते बाजूला न जाता समोर जातं. हेल नाइट बाजूने आले तर पळायचं नाही, लांबच्या एखाद्या फडतूस शिपायावर जाऊन धडकायचं. घेरा आपोआप सुटतो.

फेकलेली ढाल मोठ्या राक्षसात रुतून करवतीसारखी फिरते आणि तो जागच्या जागी थरथरत राहतो. गर्दीत एकाला असं बांधून ठेवायचं आणि दुसऱ्याकडे वळायचं. पण ढाल हातात नसताना हिरवा गोळा आला तर अडवायला काहीच नाही, तेवढं भान ठेवा. मी निम्म्या वेळा अशीच मेलेय. चिलखतवाले आले की गोळ्या झाडत राहा. चिलखत तापून लाल झालं की तेव्हाच ढाल फेका, काचेसारखं फुटतं. आणि गोळ्या संपल्या की 'इटर्नल'सारखी करवत शोधू नका, ती नाहीये. हाताने ठोसे द्या, ठोशांतून गोळ्या मिळतात.

अर्धवट_सेव्ह

लाल चिलखताचं मला आत्ता कळतंय. मी बारावं प्रकरण खेळतोय. 🙏

धूळ_खाणारा_पीसी

तुम्ही हातांवर चर्चा करताय, इथे आमचं ग्राफिक्स कार्डच बसत नाही. रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण हिशोबाने दाखवायचं तंत्र) हार्डवेअर नसेल तर हा गेम चालतच नाही, सेटिंग कितीही खाली आणा. ज्या मालिकेचा पहिला भाग लोक कॅल्क्युलेटरवर चालवून दाखवतात, तिचा नवीन भाग माझ्या धडधाकट पीसीला नाही म्हणतो. असो. अवांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

करंगळी

तीन दिवसांनी हजेरी लावतोय.

फ्लॉपीकाकांचं ऐकून ढाल शिफ्टवर टाकली. पहिला तास भयाण होता. धावायला गेलो की ढाल वर, दार उघडायला गेलो की ढाल वर. एकदा सरळसोट कड्यावरून ढाल उचलून शांतपणे खाली गेलो. पण दुसऱ्या दिवशी मॅनक्युबसच्याच जातीची एक लढाई आली. गोळ्यांची रांग निघाली, मी घाबरलो, करंगळीने आपलं काम केलं, आणि खण्ण! हिरवा गोळा परत. त्याचा जबडा उघडा राहिला आणि खांद्यावरची ती छोटी तोफ आपोआप सुरू झाली (ढालीचा रून, म्हणजे ढालीला जोडायची जादा शक्ती, लावला होता, तो अडवल्यावर चालतो). मी खुर्चीत एकटाच 'हाऽऽ' असं ओरडलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग नाद लागला. आता गोळा परत पाठवता यावा म्हणून मी मुद्दाम रांगेसमोर जाऊन उभा राहतो. जी लढाई सहा वेळा हरलो होतो तीच परत काढून खेळलो, दुसऱ्या झटक्यात जिंकलो. पाय जमिनीवर असताना.

वेग ११५ केला आहे. तिरपी_ढाल, तुमचं म्हणणं खरं निघालं, वेग वाढवल्यावर उड्या निम्म्याने कमी झाल्या. ढालीची वेळ सैल ठेवली आहे, पण नुकसान वाढवायची हिंमत अजून नाही. लॉक करून जाऊन आदळणं जमायला लागलंय, मात्र ऐन धुमश्चक्रीत ते आठवतच नाही. त्याला काही युक्ती?

रिकामी_मॅगझीन, संगीताचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आवाज बंद करून २०१६चं लावून बघितलं, पण मग गोळ्यांचे आवाज कळेनात आणि पुन्हा मार खाल्ला.

तिरपी_ढाल

आवाज पूर्ण बंद कशाला करताय, फक्त संगीताचा स्लायडर शून्यावर न्या!

धडकेसाठी: प्रत्येक लढाईच्या सुरुवातीची पहिली चाल धडकच असायची, असा नियम करा. गोळी नाही, धडक. आठवडाभर पाळलंत की पुढे आठवावं लागत नाही. नाहीतर रिपाटोरियममध्ये जा. नंतरच्या अपडेटमध्ये आलेला सरावाचा आखाडा आहे तो, तिथे कोण किती येणार ते आपण ठरवतो. फक्त हेल नाइट आणि शिपाई सोडा आणि तासभर बंदुकीला हात न लावता खेळा.

रिकामी_मॅगझीन

संगीत शून्यावर नेऊन बाहेरून २०१६चं, हे मी आत्ता करून बघते. कदाचित माझाही गेम परत उघडेल.

करंगळी

आखाडा बघतो. एकच राहिलं. त्या अॅटलानचं काय करायचं? तो डोंगराएवढा यंत्रमानव चालवायचा भाग. मी त्यात बसलो की एक ठोसा, बाजूला, दुसरा ठोसा, बाजूला, आणि जांभई. ते आवडून घ्यायला काही सेटिंग आहे का?

जुनी_फ्लॉपी

नाही. ते आम्ही सगळेच तसंच उरकतो.