मदत हवी आहे: कर्टुल्याचे वेल फुलांनी भरलेत, फळ एकही नाही. नर-मादी कसं ओळखायचं?

मंडळी,

नाशिकला इंदिरानगरात आमच्या गच्चीवर ड्रममध्ये कर्टुल्याचे दोन वेल आहेत. कंद दिंडोरीकडच्या नातेवाइकांनी दिले. वळवाचा पाऊस झाला तसे कोंब फुटले आणि आषाढात मांडव झाकून गेला. आता रोज पिवळी फुलं येतात, पण दोन-तीन दिवसांत मागचा भाग पिवळा पडून देठासकट गळतो. शेणखत, निंबोळी पेंड सगळं घातलंय. एका नर्सरीवाल्याने बोरॉन फवारा म्हणून सांगितलं, ते काही पटलं नाही.

कर्टुल्यात नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा, एवढं ठाऊक आहे. पण ओळखायचं कशावरून? पानं तर सारखीच. माझ्या दोन्ही वेलांवर फुलामागे मुगाएवढी हिरवी गाठ आहे, बोट फिरवलं की खरखरीत लागते.

बुधवारच्या बाजारात गंगेवर (म्हणजे गोदावरीकाठी) पेठ-हरसूलकडच्या बायका पाट्या भरून कर्टुली घेऊन बसतात आणि आम्ही घरचा मांडव सोडून ती विकत आणतो. घरात टोमणे सुरू झालेत. श्रावण संपायच्या आत काही जमेल का?

रानवेल: उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. ती खरखरीत गाठ म्हणजे उद्याचं कर्टुलं. गाठ फक्त मादीच्या फुलाला असते, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही माद्याच आल्यात. नराचं फूल लांब बारीक देठावर येतं, मागे गाठ नसते, आणि देठाच्या टोकाशी, फुलाला लागूनच, टोपीसारखं हिरवं पान असतं. कळी त्या पानातच दडलेली असते. एकदा पाहिलंत की परत चुकणार नाही. फुलं येईपर्यंत मात्र कुणालाच सांगता येत नाही, पानांवरून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

परागकण मिळाले नाहीत की गाठ पिवळी पडून गळते. बोरॉनचे पैसे वाचवा.

धागाकर्ता: दोन्ही माद्या! दिंडोरीला फोन केला. तिकडे फळ न धरणारे वेल 'वांझ' म्हणून उपटून टाकतात म्हणे.

रानवेल: बहुतेक ठिकाणी हेच होतं. सगळे नर उपटले की पुढच्या वर्षी मादीही वांझ ठरते! शेतात लावणारे आठ-दहा माद्यांमागे एक नर मुद्दाम ठेवतात.

मातीचेहात: यंदापुरता उपाय सांगते. कर्टुल्याची फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री पतंग येऊन परागीकरण करतात. शहरातल्या गच्चीवर पतंगांच्या भरवशावर राहू नका. ओळखीच्या कुणाकडे नर वेल असेल तर दुपारी टपोऱ्या कळ्या देठासकट तोडून आणा आणि पाण्यात ठेवा. दिवेलागणीला उमलल्या की पाकळ्या मागे मुडपून आतला पिवळा भाग मादीच्या फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. एका नर फुलात दोन-तीन माद्या सहज होतात. केलेल्या फुलाला दोरा बांधा. गाठ हिरवी राहून फुगायला लागली की जमलं. भाजीजोगं कर्टुलं साधारण दोन आठवड्यांत होतं, बी टणक व्हायच्या आत काढा.

पुढच्या वर्षासाठी नराचा कंदच मिळवा. बियांच्या नादी लागू नका, एक तर त्या उगवायला फार वेळ घेतात, वर साधारण निम्मे नर, निम्म्या माद्या निघतात. कंदाचं तसं नाही, नराच्या कंदातून नरच येतो. आणि फुलं असतानाच ड्रमवर रंगाने खूण करून ठेवा. दिवाळीनंतर वेल वाळतात, मग नुसत्या कंदावरून नर की मादी ते कळत नाही.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. त्र्यंबक रोड किंवा गिरणारेच्या बाजूला कुणाकडे टोपीवाल्या फुलांचा वेल असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संध्याकाळी स्वतः येऊन कळ्या नेईन, बदल्यात निंबोळी पेंड देतो.