रुद्र, अद्वैत, शौर्य : नाव आवडतंय, पण वर्गात चार निघाले तर?

चिंचबन
मुलाचं नाव ठरवताना हा पेच हल्ली घरोघरी पडतो. एक नाव सगळ्यांना मनापासून आवडलेलं असतं, पण तेच नाव दर दुसऱ्या बारशात ऐकू येतं. ठेवावं की सोडावं? माझं मत स्पष्ट आहे : सोडावं.

लाटा आठवून बघा. एका पिढीत संदीप, संतोष, अमोल, सचिन, अमित. पुढे शुभम, अक्षय, ओंकार, अनिकेत. मग अथर्व, वेदांत, यश, आर्यन. आता आरव, अर्णव, शौर्य, विहान. वर्गात तीन शुभम असले की एक 'पाटील' होतो, एक 'लंबू' आणि एक 'चष्मेवाला'. आईबापांनी निवडलेलं नाव हजेरीपटावर राहतं आणि वर्गाने ठेवलेलं चिकटतं.

दुसरी गोष्ट, आपला अंदाज जुना असतो. आपल्या ओळखीत भरपूर असलेली नावं आपल्या वयाच्या माणसांची. म्हणून 'राहुल' फार झालं असं वाटतं आणि 'शिवांश' नवीन वाटतं. बालवाडीत चित्र नेमकं उलटं असतं. मतदार यादी चाळून उपयोग नाही, तिथे 18 च्या पुढचेच. विचारायचं तर छोट्या शिशुच्या बाईंना, लसीकरणाच्या दिवशी नावं पुकारणाऱ्या सिस्टरांना किंवा केकवर नाव लिहिणाऱ्याला विचारा. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग वर्षभरात 5 किंवा जास्त बाळांना मिळालेलं प्रत्येक नाव प्रसिद्ध करतो. तिकडच्या मराठी मंडळींनी ती यादी जरूर बघावी. फक्त एका वर्षाची नको, सलग पाच वर्षांची. नाव वर चढतंय की उतरतंय ते त्यातूनच कळतं.

गच्चीवरून
पटलं नाही. आधी हिशोब करू. धरा, दर 100 मुलग्यांत एकाचं नाव रुद्र आहे. वर्गात 20 मुलगे. तुमच्या रुद्रला वर्गात दुसरा रुद्र भेटण्याची शक्यता साधारण 17 टक्के. प्रमाण 50 त एक धरलं तर 32 टक्के. 500 त एक असेल तर 4 टक्क्यांच्याही खाली. म्हणजे 'फार झालंय' अशी ओरड असलेल्या नावालाही बहुतेक वर्गांत दुसरा भेटत नाही. 17 टक्क्यांच्या भीतीने आवडतं नाव टाकायचं?

खरा गोंधळ पूर्ण नावात होतो. पाटील, जाधव, पवार, शिंदे, मोरे, गायकवाड ही आडनावं असतील तर लाटेतलं नाव जपून घ्या. वडिलांचं नावही त्यांच्या पिढीतलं चलनी असेल, म्हणजे संजय, संतोष, तर 'शुभम संजय पाटील' परीक्षा केंद्रावर आणि बँकेत एकापेक्षा जास्त सापडतात. उलट आडनाव सहस्रबुद्धे असेल तर आरव ठेवा, काही बिघडत नाही. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं चार भागांत लिहायचं आहे. चारही जुळणारा दुसरा सापडणं आणखी अवघड.

चिंचबन
आडनावाचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. हिशोब मात्र अर्धा आहे. नावं राज्यभर सारखी पसरलेली नसतात. एकाच सोसायटीतले, एकाच मिळकतीचे, एकाच मालिका बघणारे आईबाप एकाच शाळेत मुलं घालतात. राज्यात 100 त एक असलेलं नाव त्या शाळेत 30 त एक असू शकतं, आणि मग तुमचे 17 टक्के जवळजवळ 50 वर जातात. आणि मैदानावर कोणी चार भागांचं नाव घेत नाही. तिथे 'ए रुद्र' एवढंच.

अवकहडा
गर्दीचं एक कारण कुणी घेतलं नाही : जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारं नावाचं पहिलं अक्षर. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणून 108 अक्षरं. रोहिणीला ओ, वा, वी, वू. भटजी 'वी' सांगतात, घरचे मोबाईलवर 'व वरून मुलांची नावे' शोधतात आणि सगळ्यांना तीच वीसेक नावं दिसतात : विहान, विवान, विराज. मग तीच निवडली जातात.

पण व्यवहारनाव त्या अक्षरावरूनच हवं हा आग्रह शास्त्राचाही नाही. जुन्या पद्धतीत मासनाव, नक्षत्रनाव, कुलदेवतेवरून नाव आणि व्यवहारनाव अशी वेगवेगळी नावं असतात. नक्षत्राचं नाव कानात सांगायचं आणि पत्रिकेत लिहायचं. हस्ताला पू, ष, ण, ठ येतात. 'ण' वरून हाक मारायचं नाव कुठून आणणार? आर्द्रेच्या 'ङ' चंही तेच. अक्षर पत्रिकेपुरतं ठेवलंत तर निवडीचं मैदान एकदम मोठं होतं.

शुद्धलेखन
चिंचबन, तुमच्या सल्ल्याचा धोका सांगते. 'कुणाचंच नको' म्हणत लोक नावं घडवायला लागले. शिवांश, देवांश अर्थाला ठीक आहेत. पण रेयांश, विवांश, कियांश? पुढे दोन अक्षरं जोडायची आणि मागे 'अंश' लावायचा. अर्थ विचारला की 'विष्णूच्या प्रकाशाचा भाग' असं उत्तर तयार. संस्कृतात 'रेय' असा प्रकाशवाचक शब्द नाही. आरवचा अर्थ सगळीकडे 'शांत' दिलेला असतो, कोशात मात्र आरव म्हणजे ध्वनी, आवाज. नेमका उलट. आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात, पाच मिनिटांचं काम आहे.

वेगळेपणही यातून साधत नाही. कानाला आरव, आरुष, आरिव, आर्विक सारखेच लागतात. बाईंनी हाक मारली की चौघंही मान वर करतात. फॅशन एका नावाची नसते, ध्वनीची असते. लाट टाळायची तर सुरुवातीचा 'आ' आणि शेवटचा 'व' किंवा 'श' टाळा.

चिंचबन
घडवलेली नावं मलाही नकोत. मी म्हणते ती आहेत पण कुणी घेत नाही अशी : माधव, केशव, विनायक, मुकुंद, श्रीधर. अर्थ पक्का, उच्चार सोपा, आणि बालवाडीत दुसरा मिळणं कठीण.

जुनावाडा
ही सगळी नावं एके काळी गर्दीचीच होती, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आपल्याकडे नाव परत येणं हीच रीत होती. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. तो ओळखला गेला नानासाहेब म्हणून. संभाजीराजांच्या मुलाचं नाव आजोबांवरून शिवाजीच होतं, इतिहासात तो शाहू झाला. सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, म्हणून घरात नाना, अण्णा, आप्पा, तात्या, बाळ. नाव सामाईक, हाक वेगळी. मुलाची ओळख नावाच्या दुर्मिळपणावर टांगायची ही अगदी अलीकडची सवय आहे.

गच्चीवरून
हेच म्हणायचं होतं. रुद्र ठेवा आणि घरात दुसरी छान हाक लावा. शाळेत दुसरा रुद्र निघाला तर मुलगा स्वतःच तीच हाक मित्रांना सांगेल.

चिंचबन
घरची हाक शाळेत पोचत नाही, हीच तर अडचण आहे. वाड्यात शेजारी, मास्तर, दुकानदार सगळ्यांना तो 'नाना'च होता. आज हजेरी कागदावरच्या नावाने होते. त्यामुळे कागदावर जे जाईल तेच चालणार असं धरून निवडा.

नोंदणीखिडकी
कागदाचं निघालंच आहे तर दोन्ही बाजूंसाठी थोडं. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. त्यात बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 14 नाव नंतर घालू देतं : नोंदणीपासून 12 महिने विनाशुल्क, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दवाखान्यातला फॉर्म समोर आला म्हणून घाईने लाटेतलं नाव लिहू नका. महिना-दोन महिने तीन नावांनी हाका मारून बघा, ओठांवर कुठलं बसतं ते कळेल.

एकदा लिहिलं की मात्र मन बदललं म्हणून सहज बदलत नाही. कलम 15 चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी आहे. मोठेपणी बदलायचं तर राजपत्र, मग बँक, पॅन, पासपोर्ट अशी रांग. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांचा जन्मदाखला शाळाप्रवेश, वाहन परवाना, पासपोर्ट या सगळ्याला आधार धरला जातो, म्हणजे पहिल्या कागदावरची चूक पुढे सगळीकडे जाते.

नाव चलनी असो की दुर्मिळ, इंग्रजी स्पेलिंग त्याच दिवशी कायम करा. अथर्वच्या शेवटी ए आहे की नाही, अद्वैतमध्ये व्ही की डब्ल्यू, हृषिकेशची सुरुवात एचने की आरने, ज्ञानेशमध्ये डीएन की जीवाय. मराठी 'ज्ञ' साठी आपण डीएन लिहितो, उत्तरेकडचा कारकून जीवाय लिहितो.

चिंचबन
अद्वैतला व्ही की डब्ल्यू, काय सुचवाल?

नोंदणीखिडकी
दोन्ही चालतात. वडिलांच्या नावात किंवा आडनावात 'व' असेल तर तिथे जे अक्षर आहे तेच घ्या. आणि कागदावर मराठी व इंग्रजी दोन्ही ठळक लिहून खिडकीत द्या, तोंडी सांगू नका.